रूळ गेले, वाट राहिली

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून गाड्यांची भीती न बाळगता सायकल चालवता येईल का, असं कुणी विचारलं, तर डर्बीशरमधला टिसिंग्टन ट्रेल बघा. ॲशबर्नपासून 'पार्स्ली हे'पर्यंत साधारण २१ किलोमीटर. जुन्या रेल्वेमार्गावरची वाट, १९७१ सालची. त्यामुळे चढ आगगाडीला झेपेल एवढाच! फक्त ॲशबर्नजवळ जुना पूल काढलाय, तिथे ओढ्यापाशी खाली उतरून परत वर चढायचं. मी सरळ सायकल ढकलली, लाज कसली त्यात. पुढे दोन्हीकडे चुना-मातीशिवाय नुसते दगड रचलेले गडगे, अगदी कोकणातल्यासारखे, आणि पलीकडे मेंढ्या. सुरुवात ॲशबर्नहूनच करा, परतताना उतार मिळतो. टिसिंग्टन गावात तळ्यातली बदकं रस्त्यावर ठाण मांडतात. घंटी वाजवूनही ढिम्म हलत नाहीत.