सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे जमीन आमची नाही?

घणसोलीकर: काल इथे एकाने लिहिलं, "सातबाऱ्यावर नाव लावलं नाहीत ना, मग कर्जात जमीन जप्त झाल्यावर बोंब मारू नका." अहो, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाहीच. महसूल अधिनियमाचं कलम 157 नोंद खरी धरतं, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आमची शीळफाट्याजवळची शेतजमीन आजोबांची. 1971 च्या हस्तलिखित फेरफारात (हक्क बदलल्याच्या नोंदीत) थोरल्या काकांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असं स्वच्छ लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, सगळ्यांच्या वतीने जमीन बघणारा. संगणकीकृत सातबाऱ्यावर ती अक्षरं गळली, काका एकटे मालक झाले आणि अख्खी जमीन एका पतसंस्थेला तारण गेली. माझ्या वडिलांना कोणी विचारलं?

वसुलीवाला: तीस वर्षं हेच काम केलंय. जप्तीची नोटीस लागली की पुतणे उगवतात. कर्ज आलं तेव्हा कुठे होतात? पैसा ठेवीदारांचा आहे. आम्ही सर्च रिपोर्ट घेतो, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा वकिली तपास, त्यात काही निघालं नाही.

घणसोलीकर: सर्च रिपोर्टात वारसाहक्क दिसतो का? जुने फेरफार काढायला तलाठी कार्यालयात जावं लागतं. तेवढे कष्ट कोण घेतो!

कळव्याची लेक: वडिलांचा हिस्सा मोजलात, आत्या किती? आजोबा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील तर त्यांच्या हिश्श्यात मुलीही वारस. मुलींना मुलाइतकाच जन्मतः हिस्सा देणारी 2005 ची दुरुस्ती तर पुढची गोष्ट. माझ्या भावाने तलाठ्यापुढच्या जबाबावर माझी सही घेतली आणि नाव कमी केलं. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, हे मला कोणी सांगितलं नाही.

घणसोलीकर: ताई, विषय जप्तीचा आहे. आमच्या आत्यांनी कधीच काही मागितलं नाही.

कळव्याची लेक: मागितलं नाही म्हणजे सोडलं? काकांनी तुमच्याशी जे केलं, तेच तुम्ही आत्यांशी करताय.

दिघागाव: ताईंचं बरोबर आहे. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांत आमच्याकडेही बहिणींची नावं अशीच गेली.

ठाणे कोर्ट नाका: भांडा, पण मुदत चुकवू नका. पतसंस्थेची वसुली आहे, तेव्हा सहकारी संस्था नियमांतल्या नियम 107 खाली वसुली अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या, जुना फेरफार आणि वारसांचे दाखले जोडून. शेतजमिनीला सरफेसी, म्हणजे बँकांना कोर्टाशिवाय तारण जप्त करू देणारा कायदा, लागत नाही. बिनशेती जमीन बँकेने घेतली असती तरी मालकी ठरवणं दिवाणी कोर्टाचं काम, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये सेंट्रल बँकेच्या प्रकरणात सांगितलंय.

वसुलीवाला: ए.कु.मॅ.चा फेरफार फायलीत असता तर मी शिफारस केली नसती, एवढं मान्य. पण मॅनेजर म्हणून तुमच्या काकांनी कुटुंबाच्या गरजेपोटी कर्ज काढलं असेल तर तुमचा हिस्साही बांधील. कर्ज कशाला काढलं?

घणसोलीकर: ट्रकसाठी. ट्रक काकांच्या नावावर, धंदाही त्यांचाच. घरात एक रुपया आला नाही.

ठाणे कोर्ट नाका: मग आरसी बुकाची नक्कल पहिली जोडा.

कळव्याची लेक: आणि हरकतीच्या अर्जात आत्यांची नावं घालणार की नाही?