उत्तर: फुल सिस्टीम की नुसता स्लिप-ऑन?

ऐंशीच्या दशकातल्या चार सिलिंडरच्या, कार्बोरेटरवाल्या बाईकला फोर-इंटू-वन एक्झॉस्ट (चारही सिलिंडरचे पाईप एकात मिळणारी फुल सिस्टीम) बसवावा का, असं तुम्ही विचारलंय आणि वरची बहुतेक मतं आवाजावरच आलीत. आवाजाचं नंतर बघा हो, आधी जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणाऱ्या जेटचं माप. एक्झॉस्ट मोकळा झाला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यात एअरबॉक्स (एअर फिल्टरची मूळ पेटी) काढून प्रत्येक कार्बोरेटरला सुटे पॉड फिल्टर लावले, तर सीव्ही कार्ब (इंजिनच्या खेचीने स्लाइड उचलणारे कार्बोरेटर) ताळ्यावर आणताना नाकी नऊ येतात. मूळ एअरबॉक्स राहू द्या, मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारा) एक-दोन साइझ वाढवून बघा, स्पार्क प्लगचा रंग तपासत राहा.

फोर-इंटू-वन वजनाला हलका, वरच्या आरपीएमला जोरदार. पण मधल्या आरपीएमला बऱ्याचदा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, कमी पडतो. १९८९ च्या एफझेडआर १००० ला यामाहाने एक्झप व्हॉल्व्ह (EXUP, आरपीएमप्रमाणे एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणारी झडप) दिला, तो याच दुखण्यासाठी. ट्रॅकवर न जाता रस्त्यावरच चालवणार असाल, तर मूळ हेडर (इंजिनकडून येणारे पुढचे पाईप) ठेवून चांगला स्लिप-ऑन (फक्त मागचा सायलेन्सर) घ्या, असं माझं स्पष्ट मत.

तरीही फुल सिस्टीमच हवी असेल, तर पाईप न उतरवता ऑइल फिल्टर निघतो का आणि सेंटर स्टँड राहतो का, हे विकणाऱ्याला आधी विचारा. सिलिंडर हेडमधले, पाईप धरून ठेवणारे जुने स्टड (आटे असलेले दांडे) गंजलेले असतात, जोर लावला की तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, इंजिन कोमट असताना नट सोडवा. पाईप आणि हेडमधली गॅस्केट नवीनच टाका, नाहीतर तिथून गळती होऊन थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो आणि लोक उगाच कार्ब उघडत बसतात.

उतरवलेला मूळ पाईप मात्र विकू नका. बऱ्याच मॉडेलचे आता मिळत नाहीत.