ताण माणसात असतो की कामात?

शेवटचा बाक (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात 'तणावमुक्ती' या विषयावर दोन तासांची कार्यशाळा झाली. हजेरी सक्तीची, दिवस महिनाअखेरचा. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, उघडले तर मोबाइलवर अकरा मिस्ड कॉल. बुडालेले दोन तास रात्री साडेनऊपर्यंत बसून भरून काढले.

आलेले वक्ते भले गृहस्थ होते. पण दोन तासांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की बाबांनो, तुमचं काम नेमकं कसं वाटलं जातं? सगळा रोख आमच्यावर: झोप नीट घ्या, नकारात्मक विचार टाळा, स्वतःला वेळ द्या. वेळ कुठून आणायचा, ते मात्र नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ताण बहुतांशी कामाच्या रचनेत असतो आणि इलाज मात्र माणसावर चालतो. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. तेव्हा समज असा होता की हृदयविकार हा साहेबांचा आजार, कारण जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. निघालं उलटं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बरीचशी तफावत उरली. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं तेही याला धरूनच: मागणी जास्त आणि स्वतःच्या कामावरचा ताबा कमी, ही जोडगोळी सर्वांत वाईट. नुसतं काम जास्त असणं वेगळं आणि जास्त काम दुसऱ्याच्या तालावर करणं वेगळं.

ताळेबंद

असहमत. नऊ जणांची टीम सांभाळतो, त्यामुळे 'दुसऱ्याचा ताल' म्हणजे बहुधा माझाच.

एकच काम, एकच मुदत, एकच साहेब. तरी एकजण शांतपणे उरकून घरी जातो आणि दुसऱ्याची आठवडाभर झोप उडते. ताण रचनेतच असता तर दोघांची गत सारखीच व्हायला हवी होती. रिचर्ड लॅझरस या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच मांडलं: प्रसंग आला की माणूस आधी जोखतो, हा धोका आहे का आणि मला पेलेल का. ताण त्या जोखण्यातून येतो. मग जोखण्याची सवय बदलायला शिकवलं तर बिघडलं कुठे?

शिवाय थोडा ताण लागतोच. यर्क्स-डॉडसनचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. दडपण वाढेल तशी कामगिरी सुधारते, एका टोकानंतर घसरते. मुदत नसेल तर माझ्या टीममधलं निम्मं काम सुरूच होणार नाही. माझं स्वतःचं धरून.

जुना खोडरबर

ताळेबंदराव, तो 'नियम' १९०८ चा आहे आणि उंदरांवरचा आहे. पांढरा कप्पा निवडायचा, काळा टाळायचा, चुकलं की विजेचा झटका. मजा पुढे आहे. ओळख सोपी असेल तेव्हा झटका जितका जोरदार तितकं शिकणं वेगात झालं. ओळख अवघड केल्यावर मात्र मध्यम झटकाच बरा ठरला. तुमच्या टीमचं काम अवघड असेल, तर झटके बेताने द्या.

'ताण' हा शब्दही वैद्यकात आला तो पदार्थविज्ञानातून. ताणावरच्या संशोधनाचा पाया घालणारे हान्स सेली यांनी १९३६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छोटंसं टिपण छापलं. थंडी, जखम, अतिश्रम, औषधांचे डोस, काहीही असो, उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया साधारण तीच: आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, शेवटी गळून जाणं. पुढे हेच सेली तंबाखू उद्योगाचे पैसे घेत होते आणि सिगारेट ताणावर उतारा आहे या म्हणण्याला त्यांचा आधार मिळत होता. ताणावरचा उपाय कोण विकतंय ते बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

(जाता जाता: मराठीत आपण टेन्शन 'घेतो'. "टेन्शन घेऊ नकोस" हे दिवसातून दहादा ऐकतो. देणाऱ्याला कोणी काही सांगत नाही.)

ताळेबंद

उंदरांचं मान्य, ते मला माहीत नव्हतं. लॅझरसबद्दल मात्र कोणी बोललं नाही.

रातपाळी

मी बोलते. पंधरा वर्षं वॉर्डात नर्स आहे.

माझ्या कामात खरी आणीबाणी असते. रुग्णाचं हृदय थांबतं आणि पुढची काही मिनिटं हात आपोआप चालतात. अ‍ॅड्रिनलिन काही क्षणांत उसळतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मागाहून चढतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. त्याने मी कधी आजारी पडले नाही. ही यंत्रणा त्यासाठीच आहे. प्रसंग संपला की उतरते, निदान उतरायला हवी.

मला खाल्लं ते ड्यूटीच्या तक्त्याने. उद्याची पाळी आज संध्याकाळी कळणार. दोघींचं काम एकीवर, आणि चूक झाली तर सही माझी. त्या वर्षी मी रुग्णांना नावाने हाक मारणं सोडून दिलं होतं. "सात नंबरचं सलाइन संपलं का?" एवढंच. एका म्हातारीने विचारलं, "बाई, मला नाव आहे ना?" तेव्हा भानावर आले.

जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत: कमालीचा थकवा, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. त्यांच्या वर्गीकरणात तो आजारात मोडत नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ चाललेला आणि नीट न हाताळलेला ताण, असा त्याचा उगम दिलाय. 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द त्या व्याख्येतच आहेत.

आता लॅझरस. हो, मी जोखत होते. दोघींचं काम एकटीला पेलणार नाही असं जोखलं होतं. ते बरोबर होतं.

ताळेबंद

रातपाळीताई, तुमच्यापुढे वाद घालायला जीभ उचलत नाही. पण प्रत्येक तक्रार तुमच्यासारखी नसते हो. आमच्याकडे 'ताण' म्हटलं की पुढे प्रश्न विचारायची सोय राहत नाही. एकाने तीन वेळा ऐन मुदतीला अंग काढून घेतलं. त्याचं काम ज्या दोघांवर पडलं त्यांना कोणी विचारलं? मी त्याला चार शब्द सुनावले असते तर मीच विषारी ठरलो असतो. आणि मुदत मी ठरवत नाही. वरून येते, तीही ग्राहकाला आधीच कबूल केलेली. माझा ताबा किती, हेही कधीतरी मोजा.

शेवटचा बाक

हे शेवटचं तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात. तुमच्या हाती ताबा नाही म्हणूनच तो खाली झिरपत नाही. अंग काढणाऱ्याबद्दल सहमत, तो ताण नव्हे, कामचुकारपणा असू शकतो. पण तिसऱ्यांदा होईपर्यंत त्याला कोणी विचारलंच नाही, ही रचनाच की.

एकला चालो

दोघांनाही एक प्रश्न. माझा स्वतःचा व्यवसाय आहे. ताबा शंभर टक्के माझा, आठवड्याला साठ तास काम करतो आणि आवडीने करतो. मग मी सुरक्षित का?

जुना खोडरबर

नाही बहुधा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेला अंदाज आहे: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाचा रक्तपुरवठा घटून होणाऱ्या विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. आवडीने केले की नाइलाजाने, तास ते तासच. इथे शेवटचा बाक यांचा 'ताबा' अपुरा पडतो, हे त्यांनीही मान्य करावं.

शेवटचा बाक

करतो. नाइलाजाने.

ताळेबंद

एक करून बघितलंय, सांगून टाकतो. गेल्या तिमाहीपासून कामाची वाटणी मी एकटा करत नाही, सोमवारी नऊही जण बसून करतात. पहिले दोन सोमवार नुसती भांडणं. आता भांडणं कमी झालीत आणि उशिरा थांबणारेही. ज्याची झोप उडायची त्याची अजून उडतेच. म्हणून म्हणतो, थोडं माणसातही असतं.

रातपाळी

असतं ना. पण आधी सोमवार सुरू करा आणि मग उरेल ते माणसात शोधा. उलट्या क्रमाने नको.

शेवटचा बाक

ताजी खबर. कार्यशाळेचा अभिप्राय फॉर्म आलाय. 'आपला ताण किती टक्के कमी झाला?' असा रकाना आहे. उद्या सकाळी नऊच्या आत भरायचा.

एकला चालो

त्यावर नाव लिहायचंय का?

शेवटचा बाक

हो. साहेबांची सहीसुद्धा.