रेडिओहेडचे 'बर्न द विच': कोणाचेही नाव न घेणारे गाणे निषेधगीत कसे?

अनवट (प्रश्न)

रेडिओहेड या ब्रिटिश बँडचे 'बर्न द विच' (चेटकिणीला जाळा) हे गाणे ३ मे २०१६ रोजी आले आणि पाठोपाठ ८ मे रोजी 'अ मून शेप्ड पूल' हा अल्बम आला. या गाण्याची गणना सर्रास निषेधगीतांत होते. परंतु त्यात ना कोणा नेत्याचे नाव आहे, ना कोणत्या कायद्याचा उल्लेख, ना कसली मागणी. क्रिस होपवेल यांनी दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत तर लहान मुलांच्या कार्यक्रमात शोभाव्यात अशा बाहुल्या आहेत. एका टुमदार गावात पाहणीसाठी अधिकारी येतो, महापौर त्याला अगत्याने सगळीकडे फिरवतो आणि अखेर वेताच्या प्रचंड पुतळ्यात त्याला कोंडून गावकरी तो पुतळा पेटवतात. गाणे मला मनापासून आवडते, पण यातला निषेध नेमका कोणाचा आणि उपरोधाचा रोख कोणावर, हे जाणकारांनी उलगडून सांगावे.

दूरदेशी

माझे वास्तव्य बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे, त्यामुळे या बाहुल्यांचा संदर्भ सांगू शकेन. गॉर्डन मरे यांनी बीबीसीसाठी 'कँबरविक ग्रीन' (१९६६), 'ट्रम्प्टन' (१९६७) आणि 'चिगली' (१९६९) या तीन बाहुली-मालिका केल्या. तिथल्या गावांत प्रत्येकाला आपले ठरलेले काम असते, सगळे एकमेकांना ओळखतात आणि कोणाचे कोणाशी फारसे बिनसत नाही. ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीच्या मनात आपला देश पूर्वी असाच होता, असे जे हळवे चित्र आहे, ते बऱ्याच अंशी अशा कार्यक्रमांनी घडवलेले आहे. व्हिडिओने नेमके तेच चित्र उचलले आणि त्यात १९७३ च्या 'द विकर मॅन' या चित्रपटाचे कथानक पेरले. बेपत्ता मुलीच्या शोधात स्कॉटलंडमधील एका बेटावर आलेल्या पोलिसाचा गावकरी बळी देतात, अशी ती कथा आहे. पूर्वीचे दिवस किती निर्मळ होते, असे उसासे टाकणाऱ्यांना हा व्हिडिओ विचारतो की ती निर्मळता कोणाला गावाबाहेर ठेवून टिकली होती. युरोपीय संघात राहावे की नाही, यावर ब्रिटनमध्ये सार्वमत झाले ते २३ जून २०१६ रोजी, म्हणजे गाणे आल्यानंतर सात आठवड्यांनी. त्या वसंतात इथे परक्यांविषयी जे बोलले जात होते, ते ऐकलेल्या माणसाला हा प्रश्न फार दूरचा वाटला नाही.

पंचम

निषेध कोणाचा, याचे माझे उत्तर असे की तो साळसूदपणे री ओढणाऱ्यांचा आहे. व्हिडिओत चिडलेला चेहरा शोधूनही सापडत नाही. गावकरी फाशीचा खांब फुलांनी सजवतात, आणि तेही एखाद्या उत्सवाची तयारी चालावी इतक्या निवांतपणे. एका दारावर तांबडी फुली रंगवली जाते. १६६५ च्या प्लेगमध्ये लंडनमधल्या बाधित घरांवर अशीच फुली काढत असत, ही गोष्ट ठाऊक असेल तर त्या रंगाने अंगावर काटा येतो. शब्दांतही पाण्यावर तरंगणाऱ्याला जाळण्याचा उल्लेख आहे. चेटकिणीच्या त्या जुन्या परीक्षेत संशयित बाईला पाण्यात टाकत. ती बुडाली तर निर्दोष आणि तरंगली तर दोषी, म्हणजे एकदा संशय घेतला की सुटकेची वाट जवळपास उरतच नसे. विचार गुंडाळून ठेवा, नजरेला नजर देऊ नका, असे बजावणारे आवाज गाण्यात आहेत, आणि ते कोणा हुकूमशहाचे नसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहेत. नाव घेतले असते तर ऐकणाऱ्याला तो मी नव्हे म्हणून मोकळे होता आले असते. माझ्या मते या गाण्याची खरी धार इथेच आहे.

खर्ज

वाद्यमेळाबद्दलही बोलायला हवे, कारण अर्धा निषेध तिथे आहे. बँडचे गिटारवादक जॉनी ग्रीनवुड यांनी रचलेले तंतुवाद्यांचे भाग लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राने वाजवले आहेत. वादकांनी गजाऐवजी गिटारची नखी तारांवर आपटल्यामुळे पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कोरडा, अखंड ठेका सुरुवातीपासून मागे लागतो. त्यावर टॉम यॉर्क यांचा आवाज संथ आणि जवळजवळ गोड राहतो. चित्रात प्रसन्न बाहुल्या आणि खाली ही तडतड, या विसंगतीमुळेच पहिल्या काही क्षणांत, काही वाईट घडण्याआधीच, जीव धास्तावतो.

अनवट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिडिओवर काम केलेल्या अॅनिमेटर व्हिर्पी केट्टू यांनी त्या वेळी निर्वासितांचा प्रश्न आणि मुस्लिमांवर फोडले जाणारे खापर यांचा उल्लेख केला होता, असे वाचले. मग गाण्याचा विषय तोच मानावा काय?

पंचम

व्हिडिओपुरते ते पटते, पण गाण्याला तेवढ्यात बांधू नये. बँडने या गाण्यावर २००० च्या 'किड ए' या अल्बमच्या काळातच काम सुरू केले होते आणि २००३ च्या 'हेल टू द थीफ' या अल्बमच्या मुखपृष्ठ-सजावटीतही त्याचे शब्द आढळतात. २०१६ चे युरोप त्याला पुढे येऊन मिळाले.

दूरदेशी

एक गोष्ट मात्र मला सलते. आपल्या निर्मितीचा असा वापर झाल्याबद्दल मरे यांच्या कुटुंबीयांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस वयाच्या ९५ व्या वर्षी मरे यांचे निधन झाले. विडंबनाला परवानगी लागत नाही, असे म्हणून हे झटकून टाकणे मला जमत नाही. तरीही माझा कौल व्हिडिओच्या बाजूने आहे, कारण त्याने शेवट बदलला आहे: चित्रपटातला पोलीस जळून मरतो, इथला अधिकारी मात्र झाडांतून निसटतो. गावाने काय केले हे सांगणारा साक्षीदार त्यामुळे जिवंत राहतो, आणि निषेधगीतात मागणी शोधायचीच असेल, तर मला ती या बदललेल्या शेवटात दिसते.