बाराबंदी काखेत टरकली, आणि शिवायला वेळ कुठून काढता तुम्ही लोक?

घारगे_आणि_घेर
नमस्कार मंडळी, मी गुहागरला असते. घरात नवरा, सासूबाई, दोन पोरं आणि मागच्या अंगाला होमस्टेच्या तीन खोल्या, म्हंजे सीझनला काय होतं ते सांगायला नको. जुन्या काळचे कपडे शिवायचा नाद लॉकडाऊनमध्ये लागला तो काही सुटत नाहीये. 19 फेब्रुवारीच्या मिरवणुकीसाठी धाकट्याला मांजरपाटाची (जाडसर सुती कापड) बाराबंदी, म्हंजे बंदांनी बांधायचा जुना अंगरखा, शिवली, रात्री अकरानंतर बसून, चार रात्री. माप त्याच्या शाळेच्या शर्टावरूनच घेतलं. पोरानं चौकात लाकडी तलवार उगारली आणि टर्रर्र, काखेपासून पार बरगडीपर्यंत! वर आमच्या एक मामी म्हणाल्या, भाड्यानं मिळतो की ड्रेस, कशाला डोळे फोडून घेतेस. दुसरं म्हंजे मशीन जेवायच्या टेबलावर, पाहुणे जेवायला आले की उचला, परत मांडा, त्यातच अर्धा तास जातो. आणि मागच्या वर्षीचा जरीचा शेला पावसाळ्यात काळा पडलाय तो वेगळाच. आता जामा (मोठ्या घेराचा लांब अंगरखा) शिवायचं मनात आहे पण हिंमत होत नाहीये.

पेटाऱ्यावरचो_माणूस
गो बाय, शर्टाचो मुंढो (बाही जोडूचो गोल काप) कापलंस थयच घोळ झालो. आमच्या घरात दशावताराचे कपडे शिवतत म्हणान सांगतंय, जरा मराठीतच लिहितो. जुन्या कपड्याला गोल मुंढा नसायचाच. हातमागाचं कापड अरुंद, एक चिंधी वाया घालवायची नाही, म्हणून अंग सरळ, बाही सरळ, सगळे चौकोन नि त्रिकोण. मग हात वर कसा जायचा? तर काखेत चौबगला. साधा चौकोनी तुकडा, पोरासाठी साडेतीन-चार इंचाचा बास. तो तिरका बसवायचा, एक टोक बाहीच्या शिवणीत, समोरचं टोक अंगाच्या शिवणीत. हात उचलला की ताण त्या तुकड्यावर आडवातिडवा येतो, आणि उरेपात, म्हणजे तिरक्या धाग्यात, कापड ताणतं हे कुठलाही शिंपी सांगेल. सरळ धाग्यात ते ताणत नाही, फाटतं. फाटलेली फेकू नकोस, काखेतली शिवण उसवून चौबगला घाल, वरून दुहेरी टीप मार. आणि मांजरपाट आधी रात्रभर पाण्यात भिजवलेलास काय? नायतर पहिल्या धुण्यात पोराच्या बेंबीवर येतली ती बाराबंदी.

मांडवा_लाँच_शिंपी
मी अलिबागकडचा, नोकरी मुंबईत, रोज मांडव्याहून लाँच. वेळ काढायचा वगैरे कायतरी बोलतात लोक, वेळ निघत नसतो हो, मी फक्त मशीनचं काम नि हाताचं काम वेगळं केलं. लांब सरळ टिपा रविवारी सकाळी दोन तास, एकदाच मशीन मांडायचं. बाकी तुरपाई, गोट, बंद हे सगळं स्टीलच्या डब्यात भरून बॅगेत. बाराबंदीचे बंद घ्या, सहा जोड्या म्हणजे बारा, प्रत्येकी दहा इंच धरले तर 120 इंच, तीन मीटरच्या जरा वर पट्टी. मी ती सगळी लाँचमध्ये दुमडून शिवली, आठवडाभर जाता-येता. एकदा खवळलेल्या पाण्यात सुई बोटात घुसली नि पांढऱ्या कापडावर रक्त, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या स्वतःची थुंकी लाव लगेच. लावली, गेला डाग. तुम्ही पोरांच्या क्लासबाहेर वगैरे बसत असाल तर तिथे करा. मामींना पण एक बंद द्या शिवायला.

प्रॅक्टिकल_पप्पा
एवढं कशाला? आतून वेल्क्रो लावा, बंद वरून नुसते शोभेला. पोरगं दोन तासांत काढून टाकतं.

पेटाऱ्यावरचो_माणूस
शाळेच्या गॅदरिंगला चालेल, पप्पा. पण वेल्क्रोचा आवाज येतो हो, चर्र करून! राजा रंगात आलाय नि छातीतून चर्र.

भातगावची_भाची
शेल्याबद्दल. आपल्याकडची खारी दमट हवा जरीची दुश्मनच. काळी पडलेली नकली जर घासून काही उजळत नाही, नाद सोडा, पुढच्याची काळजी घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो नि बुरा येतो. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, पावसात उघडीप मिळाली की पंख्याखाली पसरा आणि घडी दरवेळी वेगळ्या जागी घाला. माझी एक पैठणी घडीवरच चिरली तेव्हा अक्कल आली. जाम्यासाठी सिरीयल बघून चकचकीत सॅटिन आणू नका हां, सतराव्या शतकातली गोवळकोंडा शैलीतली महाराजांची चित्रं ब्रिटिश म्युझियमच्या साईटवर मोठी करून बघता येतात, त्यात कापड कसं पातळ नि झुळझुळीत दिसतं ते बघा. मलमल घ्या, घेराच्या चुण्या पण नीट बसतात.

घारगे_आणि_घेर
अहो काय सांगू, काल चौबगला कापत बसले होते तर सासूबाई मागून म्हणाल्या, असा नाही, कोपरा वर घे. म्हटलं तुम्हाला कसं माहीत? तर म्हणे माझ्या वडलांच्या बंडीला होता. एवढी वर्षं एका घरात राहतोय, मला पत्ताच नाही! आता डावी काख त्यांनी घातली, उजवी मी, त्यांची जास्त चांगली बसलीये (हे त्यांना सांगितलेलं नाही). पोराला दोन्ही हात वर करून नाचवून बघितलं, टिकली. शेला डस्टरला लावला. आता मलमल मागवतेय, फक्त एक सांगा, जाम्याचे बंद डाव्या बाजूला की उजव्या?

पेटाऱ्यावरचो_माणूस
डाव्या बगलेखाली. मुघल अमदानीत हिंदू डावीकडे बांधत नि मुसलमान उजवीकडे, त्यावरून चित्रातला माणूस ओळखतात. पण डावी म्हंजे घालणाऱ्याची हां, चित्र समोर ठेवून कापलंस तर उलटा होतलो.