मदत हवी आहे: बाबांचा पाय सुजलाय, रिपोर्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टर म्हणतात हत्तीरोग

सदाफुली: बाबांचा पाय बरेच महिने सुजलेला आहे. डॉक्टर म्हणाले हत्तीरोग वाटतो, रक्त तपासा. तपासलं, निगेटिव्ह आलं. तरी म्हणतात हत्तीरोगच. मग तपासलं कशाला? मी पुण्यात, ते गावी, दर फोनला नवा सल्ला. कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

कडूकारलं: गाव कोणतं? एक पाय की दोन्ही? वय? दोन्ही सुजत असतील तर आधी हृदय आणि किडनी बघा. माझ्या सासऱ्यांचं तेच निघालं.

सदाफुली: उजवा. भद्रावतीजवळ. ६४. हृदय, किडनी, साखर सगळं बघून झालं. लघवीच्या गोळ्याही झाल्या, फरक शून्य.

निवृत्त लॅबवाला: रक्त किती वाजता घेतलं?

सदाफुली: सकाळी, उपाशीपोटी. लॅब सकाळीच उघडते ना!

निवृत्त लॅबवाला: तिथेच घोळ आहे. हत्तीरोग डासांतून पसरणाऱ्या जंतांमुळे होतो. या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभर फिरतात, क्युलेक्स डास चावायच्या वेळेला. बोटाचं रक्त रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घ्यायला हवं. दिवसा तपासणी करायची तर अँटीजेनची, म्हणजे रक्तात जंतांचा अंश शोधणारी पट्टी असते, ती विचारा. आणि पाय सुजून जुना झाला की रात्रीच्या रक्तातही बरेचदा काही सापडत नाही. म्हणजे डॉक्टर बरोबर असू शकतात.

पोथीनिष्ठ: डास हा रोग वाहून नेतो हे पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने १८७७ मध्ये चीनच्या अमॉयमध्ये दाखवलं. लागण झालेल्या नोकराला डास चाववून! पण त्याला वाटायचं की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो. चावण्यातूनच होतो हे कळायला १९०० उजाडलं.

कडूकारलं: छान. बाबांच्या पायाचं काय?

हिरवळ: कुंड्या, कूलर, टायर यातलं पाणी आठवड्याला ओता. आमच्या सोसायटीत त्यानेच डास गेले.

चांदाकर: अहो, ते डेंगीच्या एडिसचं. क्युलेक्स घाण पाण्यातला. नाली आणि संडासाची टाकी बघा. व्हेंट पाइपला जाळी किंवा जुनं कापड बांधा. आमच्याकडे दर घरी सांगून सांगून थकलो जी. डबक्यांत गप्पी मासे सोडा.

हिरवळ: गप्पी मासे परदेशी आहेत, स्थानिक मासे संपवतात.

चांदाकर: गटारात कोणते स्थानिक मासे पोहतात बावा?

सदाफुली: माझ्या धाग्यावर मासे नकोत. हत्तीरोगाच्या सरकारी मोहिमेत वाटलेल्या गोळ्या बाबांनी घेतल्या नव्हत्या. आईने घेतल्या तर तिला ताप आणि डोकेदुखी झाली, ते पाहून यांनी आशाताईंसमोर तोंडात टाकून मागे थुंकल्या. आता त्या खाऊन पाय उतरेल का?

निवृत्त लॅबवाला: गोळ्या रक्तातली पिल्लं मारतात, पाय उतरवत नाहीत. पण आता लक्षात घ्या, पिल्लं मरताना ताप येतो. म्हणजे आईंच्या रक्तातही ती असण्याची शक्यता आहे. त्यांचीही तपासणी करा.

सदाफुली: आईची?? तिचे पाय तर ठीक आहेत.

निवृत्त लॅबवाला: ज्यांचे पाय ठीक असतात त्यांच्याच रक्तातून डास ती पुढे नेतात. मोठा जंत सहा-आठ वर्षं जगतो, त्याची लक्षणं दिसतीलच असं नाही. बाबांना अंडवृद्धी होती का कधी?

सदाफुली: हायड्रोसिलचं ऑपरेशन झालंय, पण ते खूप जुनं. त्याचा पायाशी काय संबंध?

कडूकारलं: ताई, तेही याच जंतांमुळे होऊ शकतं. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं!

वैद्यमित्र: श्लीपदावर, म्हणजे हत्तीरोगावर, आयुर्वेदात लेप आहेत. विचारलंत तर पत्ता देतो.

चांदाकर: लेप राहू द्या. रोज साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिखल्या आणि भेगांवर मलम लावा, बसताना पाय उंच ठेवा. आमच्या काकूंचा पाय मधूनमधून लाल व्हायचा, थंडी वाजून ताप यायचा. ते बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, तेव्हा घरी न थांबता डॉक्टरांकडे न्या. पट्टी बांधायची ती त्यांना विचारूनच.

सदाफुली: रात्रीचं रक्त भद्रावतीत घेतात की चंद्रपूरला जावं लागेल?

चांदाकर: प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हत्तीरोग पथक आणि रात्र चिकित्सालय कुठे, कोणत्या वारी, ते विचारा. आईंनाही सोबत न्या.

मुळशीची_माती: आमच्या गाईला गोचीड फार झालेत. त्यानेही पाय सुजतात का?