आईविना मांजराच्या पिल्लाला दूध कोणतं आणि ते पाजायचं कसं?

गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब होतात असं म्हणतात, ते बरोबरच. पण त्यात पाणी घातलं की चालतं असंही काही जण सांगतात, ते पटलं नाही. लॅक्टोजचं, म्हणजे जुलाब करणाऱ्या दुधातल्या साखरेचं प्रमाण कमी होतं, तसं पोषणही पातळ होतं आणि पिल्लू उपाशीच राहतं. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, तीच घ्या.

आणखी एक सांगते, पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब द्या, मगच दूध. अंग थंड असताना त्याला दूध पचत नाही. आणि बाळासारखं उताणं धरून तर अजिबात पाजू नका! मी पहिल्या दिवशी तेच केलं. दूध नाकातून आलं, पिल्लू ठसकलं आणि माझे हातपाय गळाले. फुप्फुसात दूध गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. पोटावर पालथं ठेवायचं, आईला लुचताना असतं तसं. स्वयंपाकघरातला वजनकाटा मात्र जवळ असू द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. वजन वाढायचं थांबलं किंवा घटलं, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.